चौऱ्याहत्तर बी

उद्यमबागेत एकतीस वर्षं मी एकच ड्रम कातला.
गनमेटलचा, वितीएवढा, पोटाला बारीक.
ड्रॉइंगवर नाव नव्हतं, नुसता नंबर: चौऱ्याहत्तर बी.
कशाचा म्हणून विचारलं तर मालक म्हणायचे, एक्सपोर्टचा.
आम्ही त्याला डमरू म्हणायचो.

रिटायर झालो, मोबाइलवर बोट फिरवायला शिकलो,
आणि एका रात्री बघतोय तर
पांढऱ्या शिडाच्या बोटीवर, भलत्याच निळ्या पाण्यात
लाल टोपीतली एक गोरी बाई
माझ्या डमरूला दोरी गुंडाळूलालीय.
तीन वेढे. घड्याळाच्या दिशेनं.
बाईकडं नाही बघितलं, शपथ.

सकाळी बसवण्णीला दाखवलं,
माझ्याच मशीनवरच्या सेकंड शिफ्टला.
चष्मा कपाळावर चढवून तो ओरडला, "चौऱ्याहत्तर बी!"
जत्रेत हरवलेलं पोर दिसावं तसा.

भिशी होती आमची अकरा वर्षांची,
तो, गंगव्वा, मी, आक्काताई.
काशीला जायचं म्हणून साठवलेली.
"काशी कुठं पळूलालीय?" बसवण्णी म्हणाला.
"खरं, आपली ढोपरं चाललीत."

खडेबाजारात ट्रॅव्हल्सवाला अनगोळकरांचा पोरगा.
सेशेल्स बेटं, सहा रात्री, बेचाळीस फुटी बोट.
"कप्तानासकट पाहिजे की बिनकप्तान?"
"असू दे बाबा कप्तान. आम्हाला फिरवता येतं,
थांबवता येत नाही."

मग फॉर्म.
गावाचं नाव: पासपोर्टवर एक, तोंडात एक.
पोस्टमनला दोन्ही चालतात, लिही कुठलंही.
पोहता येतं?
बसवण्णीला मलप्रभेत, सरळ.
मला विहिरीत, म्हणजे गोल.
याआधी समुद्र?
चोर्ला उतरून एकदा, माल पोचवायला,
टेम्पो रिकामा होईपर्यंत बघितला.
जेवणात काय?
गंगव्वानं बोटं मोडली: ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी, रंजका,
कुंदा दोन किलो. एक आपल्याला, एक कप्तानाला,
परक्या गावात माणूस गोड ठेवावा.

पोरानं मग बारीक अक्षरातलं वाचलं, आवाज पाडून:
बोटीच्या टाकीत गोडं पाणी चारशे लिटर.
सहा दिवस, पाच माणसं.
काटकसर सक्तीची. नवख्यांना याचा फार त्रास होतो.

"नीर एष्ट?" गंगव्वानं विचारलं.
"चारशे," आक्काताई म्हणाली.
आणि दोघी हसत सुटल्या,
पदर तोंडात कोंबून, खुर्चीचा हात धरून,
समोरचा बांगडीवाला दारात येऊन उभा राहिला तरी.

आठव्या दिवशी नळ, तोही रात्री दीडला.
तांदळाचं पाणी कढीलिंबाला, धुण्याचं फरशीला,
फरशीचं संडासात.
पाहुणे आले की मनातल्या मनात तांबे मोजायचे
आणि वर म्हणायचं, आंघोळ करूनच जा.

"अनुभवाच्या रकान्यात लिही," आक्काताई म्हणाली.
"तीस वर्षं."
"मावशी, ते शिडाच्या बोटीबद्दल विचारलंय."
"लिही की रे."

पैसे भरले. पावती देवामागं आहे.

बसवण्णीकडं एक रिजेक्ट पीस निघाला,
पाच शतांश मिलिमीटरनं वाया गेलेला. माझाच.
गच्चीच्या कठड्याला तो बोल्टनं आवळला,
ताडपत्री टाकीच्या पाइपाला बांधली,
आणि रोज संध्याकाळी, वारं पडायच्या आत, आम्ही दोघं
तीन वेढे, घड्याळाच्या दिशेनं.
आत खुंटी नाही, त्यामुळं तो दोन्हीकडं फिरतो.
धरून ठेवावं लागतं.

काल धरूनच होतो.
खाली नळ फुसफुसला. आधी वारं येतं, पाणी मागनं.
आक्काताई घागर घेऊन धावली, ओरडली, "आलं रे! खाली या!"
ताडपत्री फुगली होती.
बसवण्णीनं माझ्याकडं बघितलं.
दोरी कुणी सोडायची, ते ठरेना.